वारेची मडकी

बायको जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मला घरात बसवत नाही. सून म्हणते, "बाबा, टीव्ही बघत बसा की." बसतो. दहा मिनिटांत चपला पायात. तिला वाटतं मला काहीतरी दुखतंय आणि मी सांगत नाही. दुखत काही नाही. पायांना मुंग्या डसल्यासारखं होतं आणि मी निघतो.

पाय सिस्टरांच्या दवाखान्याकडंच जातात. आता त्याला दवाखाना म्हणू नये. सहा मजली हॉस्पिटल आहे, लिफ्ट आहे, आत कँटीनसुद्धा आहे. पण आमच्या गावठाणातल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'सिस्टरांचा दवाखाना' असंच बसलंय. गेटवरचा वॉचमन आता मला ओळखतो.

"बाबा, आज कुणाला दाखवायचंय?"

"कुणाला न्हाई."

"मग केसपेपर?"

"दे की काढून एक. म्हातारपणाचा."

तो हसतो आणि सोडतो. मी ओपीडीच्या बाकावर बसतो, उठतो, मागच्या अंगणात जातो, परत येतो. माझी बायको इथं तीसएक वर्षं कामाला होती. मावशी. झाडणं, पुसणं, कपडे धुणं, बाळंतिणीचं सगळं करणं. तिला तिथं कुणी नावानं हाक मारली असेल असं वाटत नाही. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची मावशी.

यंदा दवाखान्याची ज्युबिली. सिस्टर लोक पुस्तक काढणार, त्यात दवाखान्याचा सगळा इतिहास येणार, असं कळलं. मला तिचं काम त्या पुस्तकात पाहिजे होतं. आणि ते खरं पाहिजे होतं. ह्या दोन गोष्टी एकात एक बसेनात, म्हणून माझी ही सगळी फिरती. काय झालं ते लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, आडवंतिडवं लिहिलं तर सांभाळून घ्या.

सिस्टर लोक पहिल्यांदा आले तेव्हा मी नुकता कंपनीत लागलो होतो. आमच्या शेतातून प्राधिकरणाचे रस्ते अजून जायचे होते. तीन सिस्टर, एक जीप आणि औषधांच्या दोन ट्रंका. आमच्या गोठ्याशेजारी कडबा ठेवायची एक खोली होती, ती माझ्या बापानं त्यांना भाड्यानं दिली. दिली आणि दुसऱ्या दिवसापासून गावानं बापाला धारेवर धरलं. "बाटवायला आल्यात त्या. तू कडब्याची खोली दिलीस, उद्या देऊळ मागतील." बाप म्हणाला, "फोडावर मलम लावायला धर्म लागत न्हाई. तुझा गुडघा सुजलाय, जा, दाखव."

लोक गेले. फोड, गळू, खरूज, पोरांचे जुलाब, कंपनीत बोट कापलेलं. सगळ्याला गेले. सिस्टर मलम लावायच्या, सुई टोचायच्या, येशूचं नावसुद्धा काढायच्या नाहीत. दोन-तीन वर्षांत शिवेवर जागा घेऊन त्यांनी कौलारू दवाखाना बांधला, त्यात बाळंतपणासाठी सहा खाटा टाकल्या. आणि त्या सहा खाटा मोकळ्याच राहिल्या.

त्या तिघींत एक मोठ्या सिस्टर होत्या. मोठ्या म्हणजे मानानं, वयानं तेव्हा पस्तिशीच्या असतील. केरळच्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता. माझ्या बायकोनं त्यांना आमच्या विहिरीचं पाणी शेंदून द्यायचं म्हणून जायला सुरुवात केली आणि तिथंच कामाला लागली. बाप तिच्यावर चिडला. "ख्रिस्तावांची भांडी घासणार?" ती म्हणाली, "मामंजी, तुमी त्यास्नी खोली दिली ती चालली. मी पाणी दिलं तर बिघडलं व्हय?" बाप गप्प. बापाला गप्प करणारी आमच्या घरात ती एकटीच.

तर खाटा मोकळ्या. सिस्टर गावोगाव जीप घेऊन फिरायच्या. बायका चहा द्यायच्या, मान डोलवायच्या, आणि वेळ आली की घरीच बाळंत व्हायच्या. दोन बाया त्या सालात घरीच बाळंतपणात दगावल्या, एक तर आमच्या भावकीतली. सिस्टर रडल्या म्हणे. मग बायकोनं त्यांना विचारलं, "सिस्टर, तुमच्या खाटा का मोकळ्या हायत, सांगू? रागावू नका."

कारण होतं वार. आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. मूल झालं की मागनं वार पडते, ती आमच्याकडं घरच्या अंगणात पुरायची. न्हाणीच्या शेजारी खड्डा घ्यायचा, हळदकुंकू वाहायचं, सुपारी ठेवायची, वर मोठा दगड. कुत्र्यानं उकरली तर आईचं दूध आटतं. आणि ज्याची वार जिथं, त्याचा जीव तिथं. अजूनसुद्धा माणूस एखादी जागा सोडत नसला तर आपण म्हणतोच की, नाळ पुरलीय का तुझी हितं? दवाखान्यात पहिली बाई बाळंत झाली तेव्हा सिस्टरांनी वार मागच्या खड्ड्यात टाकून जाळली होती. त्या बाईच्या सासूनं दारात बसून असा आकांत केला की पोर मेलं असं वाटून माणसं जमली. "पोर दिलं, वार कुठाय? माझ्या नातवाचा जीव तुमच्या खड्ड्यात व्हय?" झालं. त्यानंतर सहा महिने कोण येतंय!

बायकोनं सगळं सांगितलं. सिस्टरांना किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी एकच विचारलं, "मग काय करायचं?" ही म्हणाली, "मडकी आणायची."

कुंभाराकडून ही बारकी मडकी घेऊन आली. दह्याला वापरतात तेवढी. वार धुवायची, मीठ आणि हळद लावायची, तळाला लिंबाचा पाला, मडक्यात ठेवायची, वर फडकं बांधायचं. मागच्या व्हरांड्यात एक फळी ठोकून घेतली, त्यावर मडकी. आता कुठलं कुणाचं ते कळणार कसं? हिला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना द्यायचं त्यांनाही वाचता येत नव्हतं. हिनं काय केलं, बाळंतिणीच्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून त्या मडक्याच्या गळ्याला बांधायची. घरचा माणूस आला की आपल्या बायकोच्या लुगड्याचा काठ ओळखायचा आणि मडकं उचलायचा. बायकोचा काठ कोण विसरतंय?

सालभरात सहा खाटा पुरेनात. खाली चटया टाकायची पाळी आली. सिस्टर शिकलेल्या होत्या, डॉक्टर होत्या, मनापासून राबल्या. पण बाया आल्या त्या मडक्यांमुळं. हे मी म्हणतोय, पण मोठ्या सिस्टरही म्हणायच्या.

ज्यांच्या घरचं न्यायला कुणी नसायचं त्यांचं मडकं मी न्यायचो. वार त्याच दिवशी पुरायला लागते. नवरा कंपनीत, सासू बाळंतिणीपाशी, मग कोण नेणार? मी सायकलला मडकी टांगायचो, कामावर जाता जाता किंवा येता येता पोचवायचो. किती नेली असतील, मोजली नाहीत. सगळी बरोबर पोचवली. एक दिवस सोडून.

त्या दिवशी सकाळी दोन बाया बाळंत झाल्या. एक काळेवाडीची, तिला मुलगा. एक देहूरोडची, तिला मुलगी. दोघींचे नवरे माझ्याच कंपनीत, दोघंही पहिल्या पाळीला. आणि दोघींच्या अंगावर एकच साडी. हिरवी, मरून काठाची. कशी? आदल्या दिवाळीला कंपनीनं सगळ्या कामगारांना घरच्यांसाठी एकेक साडी वाटली होती. सगळ्यांना एकच नग. माझ्या बायकोकडंही तीच. आणि कंपनीची साडी लग्नाला कोण नेसतं? ती घरी नेसायची, घासायला-पुसायला नेसायची, बाळंतपणाला न्यायची.

बायकोच्या ध्यानात आलं होतं. तिनं मडकी स्वतः सायकलला टांगली. "डाव्या हातचं काळेवाडी, उजव्या हातचं देहूरोड. काय?"

"डावं काळेवाडी."

"परत म्हणा."

"अगं, पोर हाय का मी?"

निघालो. माझी दुसरी पाळी होती, तीनच्या आत दोन्ही टोकं करायची होती. नदीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. झाडाखाली पंक्चरवाला होता. मी मडकी काढून खाली ठेवली, त्यानं सायकल उलटी केली, सीटवर उभी. तेवढ्यात कंपनीतला एक दोस्त भेटला. त्या वेळी युनियनची भानगड चालली होती, कोण पुढारी होणार, कोण मालकाला फितूर आहे. मी त्यात रंगलो. एक कुत्रं मडक्यांना हुंगायला लागलं, म्हणून पंक्चरवाल्यानं ती उचलून कठड्यावर ठेवली. चाक झालं, त्यानं सायकल सुलटी केली आणि मडकी त्यानंच टांगली.

"घ्या राव, टांगलं तुमचं दही."

"दही न्हाई ते."

"मग काय लोणी?"

मी सायकल हातात घेतली आणि बघितलं. दोन मडकी. दोन्हीला हिरवी चिंधी, मरून काठ. तो सायकलच्या समोर उभा राहून टांगत होता. त्याचं डावं ते माझं उजवं. पण मुळात कठड्यावर त्यानं ती कशी ठेवली होती, आधीचं कुठलं, मागचं कुठलं? त्याला विचारलं तर म्हणाला, "दोन्ही सारखीच हायत की."

परत दवाखान्यात जायला पंधरा मिनिटं लागली असती. बायकोनं फडकं सोडून बघितलं असतं, तिची गाठ तिला कळली असती, काहीतरी केलं असतं. मी गेलो नाही. पाळी चुकेल म्हटलं. आणि खरं सांगायचं तर तिच्यापुढं तोंड घेऊन जायची लाज वाटली. 'पोर हाय का मी' म्हणून आलो होतो ना. डावीकडचं मडकं काळेवाडीला दिलं, उजवीकडचं देहूरोडला. दोन्ही घरांनी आपला काठ ओळखला, हळदकुंकू वाहिलं, पुरलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "दिली नीट?"

"दिली."

म्हणजे चुकलं असेल, किंवा नसेलही. निम्मं निम्मं. चुकलंच असतं तर एकदा कबूल करून मोकळा झालो असतो. हे नुसतं टोचत राहिलं.

मी त्या दोन पोरांवर डोळा ठेवला. कुणाला कळणार नाही असा. काळेवाडीचा मुलगा लहानपणापासून घरात टिकेना. शाळेतून पळायचा, पुढं ट्रकवर क्लीनर झाला, आता चाकणला कंटेनर चालवतो. मी म्हणायचो, टिकेल कसा, त्याचा जीव देहूरोडला पुरलाय. आणि मुलगी? ती वीस वर्षांची झाली आणि सून म्हणून कुठं आली तर काळेवाडीला. त्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून. लग्नात आम्ही दोघं गेलो होतो. बायको अक्षता टाकताना म्हणाली, "पोरगी रडत कशी न्हाई बघा. जनू आपल्याच घरी चालली." माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या.

मी काही भोळा माणूस नाही. लेथवर काम केलेला आहे, दोराभर माप चुकलं तर जॉब रद्द होतो हे कळतं मला. वारेनं माणूस ओढला जातो हे डोकं मानत नाही. पण डोक्याला विचारतंय कोण?

पुढं नियम आले. वार पिवळ्या पिशवीत घालायची, गाडी येऊन नेणार. मडकी बंद झाली, फळी काढली. बायको तेव्हा रिटायरच होणार होती. तिला वाईट वाटलं नाही. म्हणाली, "आता आंगणंच कुठं हायत कुणाला? पुरणार काय, ग्यालरीत?"

शेवटी तीही त्याच दवाखान्यात होती. वरच्या मजल्यावर, नळ्या लावून. एक तरुण नर्स सलाईन बदलता बदलता म्हणाली, "मावशी, तुम्ही इथंच होतात ना कामाला?" हिच्या तोंडावर जीव आला. मडक्यांचं सगळं सांगितलं तिला, दम लागत होता तरी. आणि म्हणाली, "एवढी मडकी भरली, पर एकबी मडकं चुकलं न्हाई माज्या हातनं. इचार ह्यास्नी."

नर्सनं माझ्याकडं बघितलं. बायकोनंही बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुस्तकाचं काम एका तरुण सिस्टरकडं होतं. वसईकडची. तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मला बाकावर बघून तीच एकदा म्हणाली, "आजोबा, तुम्ही पहिल्यापासून बघितलंय म्हणे. सांगा ना." मोबाइल पुढं धरला. मी कडब्याच्या खोलीपासून सांगत गेलो. मडक्यांपाशी आल्यावर तिचे डोळे मोठे झाले. "हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही." मग तिनं ते विचारलंच. "इतकी मडकी, कधी अदलाबदल नाही झाली?"

मी म्हणालो, "एकही मडकं चुकलं नाही."

झालं, टेपमध्ये गेलं. बायकोचंच वाक्य होतं, तिनं मरताना सांगितलेलं. ते मी मोडू? आणि न मोडावं तर दवाखान्याच्या पुस्तकात मी खोटं घातलं. खरं सांगावं तर लोक म्हणणार, मावशीच्या मडक्यांचा घोळ व्हायचा. मला दोन दिवस गिळेना. सुनेनं मऊ भात केला, तोही पडून.

शेवटी वसईच्या सिस्टरला म्हटलं, मोठ्या सिस्टर आहेत का अजून? आहेत म्हणाली. नव्वदीच्या आहेत, मागं सिस्टर लोकांच्या घरात असतात, चाकाच्या खुर्चीत. "पण त्यांना आता फारसं आठवत नाही. इंग्रजी तर गेलंच. मल्याळम कधी कधी. मराठी मात्र बोलतात, आणि कसलं मराठी बोलतात! आम्हालाच कळत नाही."

मी गेलो. व्हरांड्यात बसल्या होत्या. एवढ्याशा झालेल्या. मला बघून म्हणाल्या, "आलास व्हय? किती येळ लावलास! मडकी पोचली का?"

मी तिथंच कठड्याला धरून उभा राहिलो. ते मराठी सिस्टरांचं नव्हतं. त्यांनी शब्द न् शब्द माझ्या बायकोकडून घेतला होता. तोच हेल, शेवटाला तसंच वर जाणारं. आठ महिन्यांत मला कुणी असं रागावलं नव्हतं.

"सिस्टर, एक सांगायचंय."

"सांग की. उबा का? बस."

बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साडी, पंक्चर, कठडा, दही. त्या ऐकत होत्या की नाही कळेना, बोटं जपमाळेवर चालली होती. मी थांबलो तसं म्हणाल्या, "कबुली द्यायची तर फादरकडं जा. मी नुसती बाई हाय."

"मी ख्रिस्ताव न्हाई, सिस्टर."

"मग तर माज्याकडं यायचं काईच कारन न्हाई." आणि हसल्या. दात नव्हते. मग मध्येच गंभीर होऊन म्हणाल्या, "मडकी टांगली कुनी?"

"तिनं."

"नीट टांगली?"

"नीट."

"चुकलं कुनाच्या हातनं?"

"माझ्या."

"मग तिच्या अंगावर कशापायी घालतोस, मेल्या?"

एवढं बोलून त्या गेल्या. म्हणजे इथंच होत्या, पण कुठंतरी गेल्या. थोड्या वेळानं परत विचारलं, "मडकी पोचली का?" मी म्हटलं, "एक शंका हाय." त्या म्हणाल्या, "बघून ये जा."

मी तसाच वसईच्या सिस्टरला शोधत आलो. म्हटलं, ते वाक्य काढ आणि असं लिही. मावशीच्या हातून एकही मडकं चुकलं नाही. तिच्या नवऱ्याच्या हातून दोन मडक्यांचा घोळ झाला असेल, तो त्यानं तिच्यापासून लपवला. तिनं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. "आजोबा, हे नक्की घालू? तुमच्याबद्दल बरं दिसणार नाही." मी म्हटलं, मला बरं दिसायचंय कुठं?

ज्युबिलीला मंडप घातला, बिशप आले, नगरसेवक आले. मला पहिल्या रांगेत बसवलं आणि पुस्तक दिलं. मडकी होती. अर्धं पान होतं, तिचा जुना फोटोसुद्धा होता, पदर खोचलेला. आणि खाली छापलं होतं, इतक्या वर्षांत एकही मडकं कधी चुकलं नाही. बाकी काही नाही. तरुण सिस्टर माझी नजर चुकवत होती. नंतर कोपऱ्यात येऊन म्हणाली, "मदर, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टर, म्हणाल्या, आधीच वार आणि मडकी म्हटल्यावर डॉक्टर लोक नाक मुरडतायत. त्यात चूक कशाला? लोक घाबरतील. मी भांडले, आजोबा."

तिचं काही चुकलं नाही. पण आता ते छापलं गेलं. मी जेवण न घेता निघालो आणि चालत चालत काळेवाडीला गेलो.

देहूरोडची ती मुलगी काळेवाडीला दिलेली, तिचं घरातच पिको-फॉलचं दुकान आहे. आता तिला स्वतःला सून आली. मशीनवर बसली होती.

"काका? एकटेच?"

"एकटाच की आता."

तिचा चेहरा पडला. "मावशींचं कळलं तेव्हा मी गावाला होते हो."

मी पाणीसुद्धा घेतलं नाही, सांगूनच टाकलं. तिचा पाय मशीनवर थांबला.

"म्हणजे माझी वार इथं आहे? काळेवाडीत?"

"असंल. नसंल बी. निम्मं निम्मं."

"आणि हे तुम्ही आज सांगताय? मला नातू झाल्यावर?"

"व्हय."

"मावशींना माहीत होतं?"

"न्हाई. तिला मी फसवलं."

ती जरा वेळ हातातल्या साडीचा काठ उलटापालटा करत राहिली. मग एकदम उसळली. "पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तर आठव्या दिवशी जीव घाबरा व्हायला लागला. परत आले. अख्ख्या देहूरोडनं मला चिडवलं, नवऱ्यावाचून राहवत नाही म्हणून! आई मरेपर्यंत म्हणायची, हिचं माहेरात चित्तच नाही. किती बोलणी खाल्ली मी, काका!"

"वारंचं काय खरं असतंय, पोरी. आपलं मनाचं."

"असू दे मनाचं! मला इतकी वर्षं काही कारण तरी सापडत होतं का?" आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. मग उठली, चप्पल घातली. "चला, दाखवा कुठं."

दोन गल्ल्या सोडून गेलो. त्या मुलाच्या घराच्या जागी आता चार मजली बिल्डिंग आहे, खाली पार्किंग, फरशी घातलेली. मी भिंतीवरून, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावरून अंदाज घेतला. न्हाणी साधारण डाव्या अंगाला होती.

"इथं?"

"तिकडं थोडं."

"या स्प्लेंडरखाली?"

"तिथंच कुठंतरी."

ती त्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. वाकली नाही, हात जोडले नाहीत. फरशीवर पायानं जरा दाबून बघितलं, कच्च्या भाकरीला बोट लावून बघतात तसं. बिल्डिंगमधली एक बाई वरून ओरडली, "काय शोधताय?" ही म्हणाली, "काही नाही हो, माझंच आहे."

परत येताना वाटेत म्हणाली, "आणि तो? त्या घरातला मुलगा? माझं इथं असेल तर त्याचं आमच्या माहेरी पुरलेलं असणार. त्याला सांगितलंत?"

"न्हाई. तो चाकणला असतो. गाडीवर."

"मग सांगा की. एकटीच्याच डोक्याला ताप का? आमच्या माहेरच्या अंगणात अजून दगड आहे तो, हलवलेला नाही कुणी. येऊ दे त्याला बघायला. भाऊ म्हणून ओवाळीन हवं तर. आणि मावशींचं नाव मध्ये आणू नका."

"तेच तर सांगत फिरतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, चाकणला कुठं?"

"कंटेनर थांबतात तिथं."

"तिथं हजार कंटेनर थांबतात. कुठला पाहिजे?"

मी त्याला त्या कंटेनरवाल्याच्या बापाचं आणि आमच्या जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि तिकीट फाडलं. "नाही सापडला तर?"

"उद्या येतो की परत."

बस सुटायला अजून वेळ होता. मी खाली उतरलो, बसभोवती एक चक्कर मारली आणि परत चढलो.